पोटातलं गालात

किस्से कुणी गोळा करत नाही. न्हाव्याच्या दुकानात केस साचतात तसे ते आपोआप साचतात. आणि माझ्या धंद्यात तर साचायला वेळच वेळ! मी भूल देणारी डॉक्टर. पेशंट झोपेपर्यंत माझं काम, आणि उठताना माझं काम. मधल्या वेळात मॉनिटरवर डोळे लावून स्टुलावर बसायचं. डोळे कामाला लागलेले असले तरी कान मोकळेच असतात.

मीरा-भाईंदरच्या निम्म्या नर्सिंग होममध्ये माझी बॅग फिरते. हर्निया, सिझेरियन, मोडलेले हात-पाय. पण किस्से म्हणाल तर बहुतेक सगळे एकाच ठिकाणचे. मीरा रोडला डॉ. निमेष यांचं कॉस्मेटिक क्लिनिक आहे. खाली मोबाईलचं दुकान, वर जिम आणि मधल्या मजल्यावर तारुण्य. तिथलं सगळ्यात चालणारं ऑपरेशन म्हणजे फॅट ग्राफ्टिंग. पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने ओढून घ्यायची, गाळून साफ करायची, आणि गालात, डोळ्यांखाली, जिथे खड्डा दिसेल तिथे भरायची. आमच्याकडे रस्त्याचे खड्डे बुजवायला कुणी येत नाही, गालांचे मात्र एका दिवसात बुजवून मिळतात!

"आपलाच माल, आपल्याच घरात ठेवायचा. केमिकल नाही, काही नाही. साइड इफेक्ट कसला?" हे डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य. बाहेर काउन्सेलर श्वेता बसते, ती त्याला "लाइफटाइम रिझल्ट" अशी पुरवणी जोडते. कुणाचा लाइफटाइम, ते सांगत नाही.

मग तुम्ही तिथे जाता कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी नाही गेले तर हा माणूस भूलसुद्धा स्वतःच देईल, म्हणून जाते!

दुसरं कारण नंदा. ती तिथली ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सिस्टर. भाईंदरच्या किनाऱ्याकडच्या जुन्या कोळीवाड्यातली. अंगाने सुका बोंबील, हाताने चपळ. मी हात पुढे केला की हवी ती सिरिंज हातात पडते, मागावी लागत नाही. गेल्या वर्षी एक केस संपल्यावर गॉज मोजता मोजता ती म्हणाली, "मॅडम, मना पन करून घ्यायचा हाय."

"काय करून घ्यायचंय?"

तिने स्वतःच्या दोन्ही गालांच्या खळग्यांत दोन बोटं ठेवून दाखवली.

झालं होतं असं. तिच्या मुलीला, प्राचीला, बघायला मीरा रोडचे लोक आले होते. मुलगा-मुलगी आधीच एकमेकांना पसंत, बघणं नावालाच. नंदा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तेव्हा होणाऱ्या विहिणीने प्राचीला विचारलं, "ह्या आजी का?" सगळे हसले. बश्या पडू नयेत म्हणून नंदाही हसली.

"साकरपुड्याला मी आजी म्हनून उबी न्हाय राहनार," ती म्हणाली.

मला त्या बाईचा इतका राग आला की विचारू नका. पण त्याहून जास्त भीती वाटली. नंदाचा चेहरा, आणि तो डॉ. निमेषच्या हातात! "अगं, तू सगळं बघितलंयस! माझ्याबरोबर उभं राहून बघितलंयस!"

"बगितलंय ना," ती म्हणाली. "तरी."

त्या 'तरी'वर मला एकच औषध सुचलं. मग साखरपुड्यापर्यंत, जमेल तेव्हा, मी तिला एकेक किस्सा आठवून द्यायला लागले.

* * *

पहिला आठवून दिला तो काशीमिऱ्याच्या गॅरेजवाल्याचा. हायवेवर त्याचं मोठं गॅरेज, ट्रकचं काम. बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला गाल भेट दिले.

आता ह्यात गंमत अशी असते की भरलेली चरबी सगळी टिकत नाही. काही जगते, काही शरीर खाऊन टाकतं. किती जगेल हे देवालाही ठाऊक नसतं. म्हणून डॉ. निमेष जास्त भरतात. "अर्धं उडून जाणार, मॅडम! दुप्पट भरलं की बरोबर उरतं." हिशोब किती सोपा! फक्त ह्या बाईचं काहीच उडालं नाही. चरबीला तिचे गाल फारच मानवले.

होळीला ती आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले सूज आहे. गणपतीत आली, तेव्हाही सूजच होती. दिवाळीला मात्र ती नवऱ्याला घेऊन आली. बाईचे डोळे गालांच्या मागून वाकून बघत होते. नवरा शांत माणूस, नखांत ग्रीस. त्याने बायकोच्या गालाला बोट लावून बघितलं, दाबून बघितलं, आणि डॉक्टरांना अगदी धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "डॉक्टरसाब, टायर में हवा ज़्यादा हो गई तो हम निकाल देते हैं. इसका वॉल्व किधर है?"

वॉल्व नसतो. बाजारात गाल भरायचं तयार फिलर मिळतं, त्यातल्या पुष्कळशांचं नंतर इंजेक्शनने पाणी तरी करता येतं. चरबी एकदा रुजली की ती भाडेकरू राहत नाही, मालक होते. काढायची तर पुन्हा कापाकापी, आणि तीही चेहऱ्यावर.

"मी थोडाच भरायला सांगन," नंदा म्हणाली.

* * *

थोडंच भरलं म्हणून सुटका होते का? भाईंदर वेस्टला साड्यांचं दुकान असलेल्या एक बाई होत्या. बोलायला फटकळ, चेहरा मूळचाच छान. त्यांनी थोडंसंच भरून घेतलं. उजव्या गालातलं टिकलं, डाव्यातलं जिरलं. डॉक्टरांची त्यात चूक नव्हती. चरबीच्या थेंबाला रक्त मिळालं तर तो जगतो, नाही तर मरतो, आणि दोन्ही गालांत सारखंच रक्त मिळेल असा काही करार नसतो.

मग टचअप सुरू झाले. डावा भरला, तर तो उजव्याच्या वर गेला. उजवा भरला, तर डावा मागे पडला. माझ्या भावाचे कल्ले सारखे करता करता एका न्हाव्याने ते कानाच्या वर नेऊन ठेवले होते, तसला प्रकार. चरबी दर वेळी मांडीतून काढली, तिथे खळगे पडले ते वेगळेच. म्हणजे गालाचा खड्डा बुजवायला मांडी खणली! दुकानात बाई गिऱ्हाइकाला साडी दाखवताना एक बाजू वळवून उभ्या राहायला लागल्या. फोटोत कायम कडेला.

शेवटी त्या तरातरा आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर आरसा आपटला. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, सिमेट्री तर निसर्गातसुद्धा नसते!"

बाई म्हणाल्या, "निसर्गाने माझ्याकडून ॲडव्हान्स घेतला नव्हता!"

ह्यावर नंदा खूप हसली. मला वाटलं, उतरलं खूळ. दुसऱ्या दिवशी ओटीतल्या स्टीलच्या ट्रेमध्ये स्वतःचा चेहरा बघताना मी तिला पकडलं.

* * *

फॅट बँकेचा किस्सा तर नंदाचाच. मी फक्त साक्षीदार.

टचअपला दर वेळी चरबी कुठे काढत बसायची, म्हणून डॉ. निमेष यांनी एक शक्कल काढली. उरलेली चरबी सिरिंजमध्ये भरायची, वर पेशंटचं नाव चिकटवायचं आणि क्लिनिकच्या साध्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यायची. पेशंटला सांगायचं, "तुमची फॅट बँक!" लोकांना बँक म्हटलं की बरं वाटतं. अशा फ्रीझरमध्ये चरबी जिवंत राहत नाही. मेलेली चरबी गालात घातली की तिचं तेल होतं, तेलाची गाठ होते, कधी पू होतो, कधी वर्षांनंतर गाठीत चुन्यासारखा खडा बसतो. हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. उत्तर काय? "मॅडम, आप टेन्शन मत लो, आप सिर्फ भूल दो!"

मे महिन्यात एका दुपारी आमच्या भागातली लाईट गेली. गेली ती गेलीच. इन्व्हर्टर ओटीच्या दिव्यांना पुरला, फ्रीजला नाही. संध्याकाळपर्यंत क्लिनिकचा फोन वाजायला लागला. श्वेताने स्पीकरवर टाकला, आणि एक बाई अक्षरशः रडकुंडीला येऊन बोलत होती, "हॅलो, आमच्या सेक्टरला लाईट नाहीये. तुमच्याकडे आहे ना? माझे गाल तुमच्याकडे आहेत!"

मग एकामागून एक. कुणाचे गाल, कुणाची हनुवटी. डॉक्टरांनी खालच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ मागवला आणि नंदाला म्हणाले, "नंदाबेन, जरा बघा, वापरण्यासारखं आहे ना?"

नंदाने फ्रीझर उघडला. नाक आत घातलं, बाहेर काढलं, आणि दार हळूच लावलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्यो वास आमच्या घरात आला तं आमी मांजरीला पन घालत न्हाय."

त्या दिवशी बँक बुडाली. खातेदारांना अजून सांगितलेलं नाही.

* * *

गोडदेवचे एक साहेब आहेत. साहेब म्हणजे भावी साहेब. नाक्यावर बारा महिने त्यांचा बॅनर असतो, वाढदिवस असो वा नसो. बॅनरवर डोळ्यांखालचे काळे खड्डे दिसतात, म्हणून ते आमच्याकडे आले. पोटाची चरबी काढून डोळ्यांखाली भरली. सहा-आठ महिने माणूस खरंच फ्रेश दिसला. नवा फोटो काढला, नवे बॅनर लागले.

पण पोटातली चरबी डोळ्यांखाली गेली म्हणून पोटाच्या सवयी विसरत नाही. माणूस सुटला की तीही सुटते. साहेबांना कुठल्याशा समितीवर घेतलं आणि सत्कार सुरू झाले. सत्कार म्हणजे हार, नारळ आणि बिर्याणी. वजन वाढलं, पोट वाढलं, आणि पोटाबरोबर पोटाची डोळ्यांखालची शाखाही वाढली! डोळ्यांच्या दोन फटी उरल्या. बॅनरवर मात्र जुनाच फ्रेश फोटो.

पुढच्या वाढदिवसाला मैदानात स्टेज, डीजे, केक. साहेब गाडीतून उतरून पायऱ्या चढायला लागले, तर नव्याने भरती झालेल्या एका कार्यकर्त्याने हात आडवा घातला. "काका, वर नका जाऊ. साहेब येतायत एवढ्यात. तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा."

हे सगळं आम्हाला त्यांच्या बायकोने क्लिनिकमध्ये येऊन सांगितलं. तेव्हा साहेब कोपऱ्यात बसून मोबाईल बघत होते. निदान आम्ही तसं समजलो. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळायला मार्ग नव्हता.

"मी कुटं बिर्यानी खाते?" नंदा म्हणाली. तिचं खरं होतं. ती कुठे काय खायची! सकाळी चहा-बिस्कीट, आणि डबा चारला, मागच्या मोरीपाशी उभ्याने, दोन केसच्या मध्ये.

* * *

खारीगावातल्या शिरोडकर बाईंचा किस्सा मी तिला सांगायला नको होता. उलटाच परिणाम झाला.

बाई शाळेतून रिटायर झालेल्या. एकट्या राहायच्या. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून चेहरा खडूसारखा झाला, असं त्याच म्हणायच्या. निमेषनी गाल, कपाळ, हनुवटी, सगळं भरलं. बाई गोल गरगरीत झाल्या. मग आला नोव्हेंबर. पेन्शनवाल्यांना ह्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. हल्ली तो मोबाईलवर चेहरा दाखवून होतो.

बाईंनी चेहरा दाखवला. मोबाईल म्हणाला जुळत नाही. चष्मा काढून दाखवला. जुळत नाही. खिडकीपाशी उजेडात जाऊन दाखवला, पापण्या मिटून-उघडून दाखवल्या. त्यांच्याच फोटोशी त्यांचाच चेहरा जुळेना. शेवटी त्या बँकेत गेल्या. तिथल्या पोराने आधारकार्ड बघितलं, बाईंना बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या आईचं कार्ड आहे का?"

पेन्शन अडकली. दुसरा कुणी असता तर भांडला असता. बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन क्लिनिकमध्ये आल्या! "डॉक्टर, आईचं कार्ड म्हणाला हो तो!" सगळ्यांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला. डॉक्टरांनी तो व्हिडिओ केला. कागदोपत्री मेलेली बाई आनंदाने पेढे वाटतेय, आणि खाली हार्टच हार्ट!

नंदाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी आजीची मुलगी झाली ना, मॅडम?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

* * *

एक किस्सा असा आहे की त्यात हसण्यासारखं काही नाही. तो आमच्या क्लिनिकचा नाही. दुसऱ्या शहरात भूल देणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने सांगितलेला.

पेशंट तरुण होती. दोन भुवयांच्या मध्ये आठ्या पडायच्या, तेवढ्याच भरायच्या होत्या. जागा बधिर केलेली, पेशंट जागी, गप्पा चाललेल्या. डॉक्टरने सुई आत घालून चरबी ढकलली. पेशंटने विचारलं, "समोरचा दिवा बंद केलात का?"

दिवा चालू होता.

चरबीचा कण रक्तवाहिनीत गेला आणि उलटा डोळ्यामागे जाऊन बसला. त्या डोळ्याला पुन्हा कधी दिसलं नाही. मैत्रीण सांगताना रडत होती. मी ऐकताना रडले.

हे मी ओटीच्या बाहेर चहा घेताना डॉ. निमेषना सांगितलं. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "रेअर आहे, मॅडम! एकदम रेअर! मी तर आजपर्यंत बघितलं नाही."

"तिच्या त्या डोळ्यानेही नंतर काही बघितलेलं नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून मी त्यांच्या कपाळाच्या केस घेत नाही. नंदा तिथेच कप विसळत होती. नंतर मला म्हणाली, "मना गालातच भरायचा हाय, कपालात कुटं?"

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. गालातूनही डोळ्यामागे रस्ता जातो, तुझ्या डोळ्याला काही झालं तर मी कुठे जाऊ, असं काहीबाही बोलले. ती शांतपणे कप पालथे घालत राहिली. तिने दिवस ठरवला होता. साखरपुड्याच्या दीड महिना आधीचा.

* * *

डॉ. निमेषना तर लॉटरी लागली होती. स्टाफला फुकट! त्याबद्दल फक्त व्हिडिओ करायचा. नावही तयार होतं, "नंदाबेन की नई पारी." आणि त्यात आणखी एक डोकं चालवलं होतं. आधी एकच गाल करायचा! एका बाजूला जुनी नंदा, एका बाजूला नवी. लोकांनी बघितलं की मग दुसरा. "फुल इम्पॅक्ट, मॅडम!" म्हणजे मधल्या काळात ह्या बाईने अर्धी आजी आणि अर्धी आई होऊन भाईंदरच्या मार्केटात फिरायचं. मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

तपासायला नंदाला टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी पोट चिमटीत धरलं. चिमटीत कातडी आली. मांडी धरली, कातडी. दंड, कंबर, पाठ. बाजारात बकरा चाचपतात तसं सगळीकडे चाचपून झालं. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "नंदाबेन, माल कुठेय?"

माल नव्हता! इतक्या वर्षांच्या चहा-बिस्किटांतून माल कुठून येणार?

नंदाने झोपल्या झोपल्या डॉक्टरांच्या ॲप्रनच्या ताणलेल्या बटणांकडे बघितलं. "तुमचाच घ्या की थोडा."

दुसऱ्याचा चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला. ऑपरेशन पुढे ढकललं, साखरपुड्याच्या अगदी तोंडावर आणलं, आणि तोपर्यंत नंदाबेनने वजन वाढवायचं. तूप, केळी, दूध, दोन वेळा भरपेट जेवण. तिथेच श्वेताला फर्मान सुटलं, "रोज एक वाजता नंदाबेन जेवायला जाणार. केस असली तरी थांबेल. कुणी आवाज द्यायचा नाही!"

मी स्टुलावर बसून ऐकत होते. ह्या बाईने आजवर ह्या माणसाकडे वेळेवर जेवायची सुट्टी मागितली की उत्तर यायचं, बस ही केस होऊ दे. आणि आता पोटात चरबी साठावी म्हणून तिला जेवण मिळालं! मला संताप आला, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

नंदा जेवायला लागली. बसून, ताटात, गरम. प्राचीने तिच्यासाठी मेथीचे लाडू केले. श्वेता मिल्कशेक आणून द्यायची. डॉक्टर रोज विचारायचे, "वाढलं का?" वाढत होतं. पोटावर वाढलं, कमरेवर वाढलं, आणि वाढताना त्याने नंदाच्या शरीरात वरच्या मजल्यावर जायला कुणाची परवानगी मागितली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा लागला. रिंगलाइट लागला. आधीचा फोटो घ्यायला डॉक्टरांनी मोबाईल धरला आणि त्यांचा चेहरा पडला. मोबाईल खाली घेऊन त्यांनी नंदाला नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मॉनिटरकडे बघत होते, तो चालू नव्हता तरी.

"अरे, ह्यांचे गाल तर भरले!"



"मग आता काय करायचा?" नंदाने विचारलं.

डॉक्टरांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून केला. "एक काम करा, नंदाबेन. आता थोडं वजन उतरवा. फेस पातळ होऊ दे. मग करू!"

नंदा टेबलावरून उतरली. तिने रिंगलाइटमध्ये एकदा स्वतःला बघून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एक वाजला, डॉक्टर. मी जेवून येते."

* * *

साखरपुडा भाईंदर ईस्टच्या हॉलमध्ये झाला. मी मुलीकडची म्हणून मिरवत होते. नंदाने हिरवी पैठणी नेसली होती, अंबाड्यात अबोली, आणि तिला आजी म्हणायची कुणाची छाती नव्हती. विहीणबाई लांबून तिच्याकडे सारख्या बघत होत्या. मी विहीणबाईंकडे बघत होते. त्या हसल्या की तोंड हसायचं आणि गाल जागेवर थांबायचे. हॉलचा एसी बंद पडला होता. मेकअप उतरायला लागला तसा डाव्या डोळ्याखाली एक उंचवटा दिसायला लागला.

अंगठ्या घालून झाल्या. मी नवरीच्या खोलीत प्राचीच्या पदराला पिन लावत होते. प्राची बाहेर गेली आणि विहीणबाई नंदाचं कोपर धरून आत आल्या. मला बघून थबकल्या. नंदा म्हणाली, "मॅडम आपल्याच हायत."

विहीणबाईंनी दार लोटलं. "एक विचारू? कुणाला सांगू नका हं. कुठे केलंत तुम्ही? किती नॅचरल आहे!"

नंदाने माझ्याकडे बघितलं.

"माझं बघा ना." त्यांनी नंदाचं बोट धरलं आणि स्वतःच्या गालावर नेऊन ठेवलं. "लग्नात मुलगा शोभला पाहिजे, त्याची आईही शोभली पाहिजे, म्हणून मागेच करून घेतलं. आधी मटारएवढी होती ही. आता वाढतेय. घरात कुणाला माहीत नाही. ह्यांनाही नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. "सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही, सगळे माझ्या गालाकडेच बघतायत असं वाटतं."

नंदाने अंगठ्याने गाठ चाचपली. हलते का ते बघितलं. "दुकतं?"

"त्या कुशीवर झोपले की."

पोह्यांच्या बश्यांचा हिशोब चुकता करायला ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी असते तर केला असता. अगदी हसत हसत केला असता.

"उद्या सोनोग्राफी करू," नंदा म्हणाली. "मी येते संगती. मोठ्या हॉस्पिटलात दाकवू. आमच्या डॉक्टरकडे न्हाय."

"ते करू हो. पण तुमचा डॉक्टर कोण? त्याचं नाव तरी सांगा!"

बाहेर पंगत बसल्याची हाक आली. नंदाने त्यांचा मेकअप पुसट झालेला गाल स्वतःच्या पदराने नीट टिपला, त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि दार उघडलं.

"विहीणबाई, तुमी आदी जेवून घ्या. पोटभर."